छापील किंमत

दावणगेरे,
२१ ऑगस्ट २०१५

अण्णा,

काल संध्याकाळी जामिनावर सुटले. हमी मामाने दिली. तुझा निरोप वहिनीकडून कळला: फोन करायचा नाही, पत्र सिद्धापूरला शांताराम हेगड्यांच्या नावाने टाकायचं आणि आत तुझं नाव लिहायचं नाही. म्हणून नुसतं अण्णा लिहिते. या राज्यात अण्णा घरटी एक असतो, पोलिसांना काय कळणार.

मी बरी आहे. कोठडीत मला कोणी हात लावला नाही. एक हवालदार बाई होती, तिच्या सासूच्या मधुमेहाच्या गोळ्या आपल्याच दुकानातून जायच्या. ती मला चहा आणून द्यायची आणि देताना दर वेळी म्हणायची, "घ्या मॅडम, छापील किमतीतच आहे." मी मान खाली घालून चहा प्यायचे.

तू मागच्या दाराने गेल्यावर काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तो पांढऱ्या शर्टातला माणूस, बायकोला साप चावलाय म्हणून रडवेला झालेला, तो औषध निरीक्षक बाईंच्या ऑफिसातला शिपाई निघाला. त्याच्याजवळच्या नोटांचे नंबर आधीच टिपून ठेवलेले होते. मी त्याला तू सांगितलेला भाव सांगितला, छापील किमतीच्या तिप्पट. नोटा घेतल्या. गल्ला लावून वर बघते तर बाई समोर उभ्या.

"परवाना कोणाच्या नावावर?"

"माझ्या. नीलांबिका."

"फार्मासिस्ट?"

"मीच."

"आणि हा भाव कोणी ठरवला?"

"मी."

"दुकानात एकट्याच असता?"

"एकटीच."

मग त्यांनी मागच्या टेबलावरचे दोन कप पाहिले. दोन्हींतून अजून वाफ निघत होती.

"दोन दोन कॉफी घेता?"

"सवय आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, आणि शिव्या घातल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

दुकानाला सील आहे. समोरची काच दुरुगप्पाच्या गावच्या लोकांनी फोडली. पेपरात त्याचं नाव आलंय: दुरुगप्पा, वय अडतीस, भातलावणी करताना घोणस चावली, सरकारी दवाखान्यातलं औषध संपलेलं, बायकोने बाहेरून, म्हणजे आपल्याकडून, औषधाच्या सहा छोट्या बाटल्या, व्हायल, नेल्या, डॉक्टरांनी दहा लिहून दिल्या होत्या. लघवी बंद झाली, तिसऱ्या दिवशी गेला. तक्रार त्याच्या मेव्हण्याने केली. पेपरात माझाही फोटो आहे. पदर तोंडावर घेतलाय, पण ओळखू येते.

अव्वा घरी दाराशीच बसली होती. आईचा जीव; मी चप्पल काढत होते तेव्हा तिने विचारलं, "तो तिकडे काय जेवत असेल गं?"

हेगड्यांकडे नीट जेवत जा. सुपारीच्या बागेत जळवा असतात म्हणे, पायात बूट घाल.

नीला


दावणगेरे,
१४ सप्टेंबर २०१५

अण्णा,

तुझं उत्तर नाही. वहिनीशी बोलतोस असं कळलं, म्हणजे कुठूनतरी फोन करतोस. तेही बरंच आहे.

वकील बसवनगौडांनी मला कायदा समजावून सांगितला. तुलाही ठाऊक असावा म्हणून लिहिते. सरकारने ज्या औषधाचा भाव बांधून दिलाय त्यावर जास्त पैसे घेतले तर ती नुसती दुकानदाराची लबाडी राहत नाही. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा होतो. तुरुंग, कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त सात वर्षं. आणि गुन्हेगार कोण, तर ज्याच्या हातात धंदा आहे तो.

"कायद्याला धरायला एक मान लागते," गौडा म्हणाले. "परवाना तुझा, फार्मासिस्ट तू, गल्ल्यावर तू. तुझ्या अंगाला मानेशिवाय दुसरं काही नाहीच बघ." स्वतःच हसले.

मी विचारलं, धंदा ज्याच्या खरोखर हातात असतो त्याचं काय?

"तो कागदावर कुठे आहे?" ते म्हणाले.

घरी येऊन मी आठवत बसले. वीजबिल माझ्या नावाचं. भाडेकरार माझ्या नावाचा. बँकेचं खातं माझं, आणि माझ्या सह्या केलेलं चेकबुक तुझ्या खिशात. खरंच अण्णा, त्या दुकानात तू कुठेच नाहीस.

हे मी गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही. फार्मसीच्या परीक्षेत तू दोनदा नापास झालास तेव्हा अप्पा म्हणाले, नीला करेल. मला शाळेत शिकवायचं होतं, ते राहिलं. पण पुढे मला काउंटरवर बसायला आवडू लागलं. लोक चिठ्ठी पुढे करतात आणि मग आपल्या तोंडाकडे बघतात. औषध आहे की नाही हे आपल्या तोंडावरून वाचायला बघतात. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या तोंडाकडे एरवी कोण इतक्या आशेने बघतं?

गौडांच्या मते एक वाट आहे. त्या शिपायाला विकलेल्या दोन व्हायल हा लहान मामला. मोठा मामला दुरुगप्पाच्या बायकोची साक्ष. ती कोर्टात म्हणाली की भाव नीट आठवत नाही, तर बाकीचं ते सांभाळून घेतील. वहिनीने पाकीट तयार ठेवलंय. तूच भरायला सांगितलंस म्हणे. म्हणाली, "बाई बाईचं ऐकते, तुम्हीच जा."

मी अजून गेलेले नाही.

नीला


दावणगेरे,
२ नोव्हेंबर २०१५

अण्णा,

परवा जाऊन आले. हरिहरपर्यंत बस, पुढे कालव्याच्या कडेने चालत. भात कापणीला आलंय. पाय टाकताना सारखी खाली बघत होते.

घर एका खोलीचं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, दुरुगप्पाची आई. आत त्याची बायको, होन्नम्मा, भाकऱ्या थापत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, दावणगेऱ्याहून आले. ती भाकरी तव्यावर टाकून उठली.

"ओळखलं," ती म्हणाली. "तुम्ही बर्फ घालून दिला होता."

मला ते आठवत नव्हतं. घातला असेल. ती व्हायल थंडच ठेवावी लागते.

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "काय गं, आता भाकऱ्या मोजायला आली का ही? सांग तिला, एकीचे तीन लाव म्हणावं."

"अत्ते, गप बसा," होन्नम्मा म्हणाली आणि मला पाणी दिलं. मी ते प्यायले. मग पाकीट काढून चुलीपासून जरा लांब ठेवलं.

"हे कशाचे?"

"मुलींच्या शाळेला होतील."

"आणि मी काय करायचं?"

"कोर्टात भाव विचारतील. आठवत नाही म्हणायचं."

तिने भाकरी उलटली. 

"मला आठवतो," ती म्हणाली. "विसरता आला असता तर फुकट विसरले असते. झोप तरी लागली असती."

 गौडांनी मला चार वाक्यं शिकवून पाठवलं होतं, त्यातली तीन तशीच राहिली. उठावं म्हणून मी हात टेकला, तेव्हा तिने विचारलं.

"एक सांगा. त्या दिवशी आत आणखी होत्या का बाटल्या?"

अण्णा, तुला तो दिवस आठवत असेल किंवा नसेल. तू भाव सांगितलास. तिच्याजवळचे पैसे सहा व्हायलना पुरले. छापील भावाने दिल्या असत्या तर त्याच पैशांत दहा येऊन वर उरले असते. तिने मोबाईल काउंटरवर ठेवला, म्हणाली हा ठेवून घ्या आणि चार द्या. तू म्हणालास, "हे मेडिकल आहे, सावकाराची पेढी नाही. आणि तसंही संपल्यात. उद्या ये." मी फ्रीजच्या दाराशी उभी होते. दार उघडंच होतं. खालच्या कप्प्यात, इन्सुलिनच्या खोक्यांमागे, दोन पेट्या होत्या. तूच ठेवल्या होत्यास. लावणीच्या दिवसांत दवाखान्यातला साठा संपतो आणि भाव आणखी चढतो म्हणून.

होन्नम्मा सांगत होती, "मी जाऊन डॉक्टरांना तेच सांगितलं, संपल्या म्हणून. आमचे हे कॉटवरून ऐकत होते. हिरड्यांतून रक्त येत होतं, बोलता येत नव्हतं नीट. म्हणाले, नाहीत तर नाहीत, तू कशाला रडतेस. नसल्या असं धरून ते गेले. म्हणून विचारते. नसल्या तर बरंच."

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

तिने मान हलवली. हात पुसून, दोन बोटांनी पाकीट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. शिव्या दिल्या नाहीत. मी निघाले तेव्हा म्हातारी काहीतरी बडबडत होती, ते मला ऐकू आलं नाही.

गौडांना मी एवढंच सांगितलं की बाई ऐकत नाही.

पाकीट वहिनीला परत दिलं. तिने मोजून घेतलं.

नीला


दावणगेरे,
१९ जानेवारी २०१६

अण्णा,

हे पत्र लांबेल. वाचून टाकून दे, पण शेवटपर्यंत वाच.

संक्रांतीला वहिनी तीळगूळ घेऊन आली. मुलांना आणलं नाही. अव्वाला आत झोपायला लावलं आणि माझ्याजवळ बसली. आरोपपत्र आलंय, त्यात एकटं माझंच नाव आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं होतं. ती त्यावरच बोलायला आली होती.

"नीलक्का, आता तुम्ही डगमगू नका," ती म्हणाली. "गौडा म्हणतात बाई आहे, पहिलाच गुन्हा आहे, न्यायाधीश बघतील. सहा महिने, फार तर वर्ष. तुम्हाला मागे कोण आहे? मूल ना बाळ. त्यांना आत टाकलं तर या दोघांच्या फिया कोण भरणार?"

"मी काही बोलले का?"

"बोलला नाहीत, पण तुमचं तोंड बोलतं. त्या बाईकडे जाऊन आल्यापासून तुम्ही नीट जेवत नाही, अत्ते सांगत होत्या."

मग ती दुकानाचं बोलली. सील निघायला वेळ लागेल म्हणून तुम्ही दुसऱ्या रस्त्यावर गाळा बघितलाय. परवाना तिच्या नावावर. कोण्या मुलाचं फार्मसीचं सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने घेणार, तो फक्त सही करायला येणार. मी ऐकत होते. तुझं डोकं चालतंय हे बघून मला, खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांची सवय आहे.

मी विचारलं, गाळ्याची आगाऊ रक्कम कुठून आणली?

ती हसली. म्हणाली, "ते जाताना दोन पेट्या बरोबर घेऊन गेले होते ना, मागच्या दाराने. त्या चित्रदुर्गला काढल्या. तिकडेही तेव्हा तुटवडा होता. इथल्यापेक्षा भाव चांगला आला."

तिने हे लपवून सांगितलं नाही, अण्णा. शाबासकी मिळावी तशा आवाजात सांगितलं. मी तिच्या घरातली होते, म्हणून.

मला आजवर वाटत होतं, तू घाबरून पळालास. जीप बघितलीस आणि उठलास, अर्धी कॉफी टाकून. माणूस घाबरतो. त्याच्यासाठी मी पोलिसांसमोर खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पण तू उठलास, फ्रीजपाशी गेलास, इन्सुलिनची खोकी बाजूला केलीस, पेट्या काढल्यास, आणि मग गेलास. मी बाहेर नोटा मोजत होते. मला हाक मारायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तुला त्या पेट्यांना लागला असणार.

आणि मी कोठडीत बसले होते तेव्हा त्याच पेट्यांतली औषधं चित्रदुर्गला कोणातरी होन्नम्माने तिप्पट, चौपट देऊन नेली. तिला किती लागत होत्या आणि किती परवडल्या, कोणास ठाऊक.

वहिनी जाताना मी तिला तीळगूळ दिला. भांडले नाही. तिचं काय चुकलं, तिला वाटलं मी तुमच्यातली आहे.

तुला एक विचारते. तू इकडे येऊन स्वतः सांगशील का? "दुकान माझं, भाव माझा, पेट्या माझ्या," एवढंच तू म्हणायचं. मग मला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे, मी भोगेन. मी त्या दिवशी फ्रीजपाशी गप्प उभी राहिले, त्याची ती शिक्षा होईल. मला फक्त तुझ्या वाटची भोगायची नाही.

फेब्रुवारी संपेपर्यंत वाट बघते.

नीला


दावणगेरे,
१० मार्च २०१६

कोट्रेश अण्णा,

आज तुझं नाव लिहिते, कारण सकाळी ते मॅजिस्ट्रेटसमोर सांगून आले.

तू आला नाहीस. उत्तरही नाही. गौडांकडून निरोप आला, "बहिणीला सांगा, भलतं काही करू नको, अव्वा सहन करू शकणार नाही." मग मी गौडांना सोडलं आणि औषध निरीक्षक बाईंच्या ऑफिसात गेले. त्या दिवशी त्यांना खूप काम होतं. मला तासभर बाकावर बसवलं आणि मग म्हणाल्या, "मी तुमची वाट बघत होते असं नाही. पण आलात ते चांगलं झालं. मात्र एक लक्षात ठेवा, सांगितल्याने तुम्ही सुटणार नाही."

"सुटायला आले नाही," मी म्हटलं.

आज कोर्टाच्या व्हरांड्यात होन्नम्मा बसली होती, तिची तारीखही आजचीच होती. बरोबर थोरली मुलगी, गणवेशात. मी समोर जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी आत होत्या," मी तिला म्हटलं. "दोन पेट्या. मला ठाऊक होतं."

 मला वाटलं आता हात उगारेल. उगारला असता तर मी उभीच राहणार होते. पण तिने विचारलं, "एका पेटीत किती असतात?"

"दहा."

"म्हणजे वीस," मुलगी म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं. शाळेत विचारल्यावर सांगतात तशी पटकन म्हणाली, आणि मग आईच्या तोंडाकडे बघून गप्प झाली.

होन्नम्माने तिला जवळ ओढलं आणि तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला लागली. बांधून झाली तरी सोडवून परत बांधत होती. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा आता तुम्ही. इथून जा."

मग मी आत गेले. साहेबांनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं. मला विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का, भीती घातलीय का. मी म्हटलं, आता नाही. सगळं सांगितलं. भाव कोण ठरवायचा, गल्ला कोण न्यायचा, चेकवर माझ्या सह्या आधीच का असायच्या. काउंटरवर कोण काय म्हणालं. मी कुठे उभी होते. पेट्या कुठे गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं, भाऊ आता कुठे आहे. तेही सांगितलं.

हे पत्र उद्याच्या टपालाने निघेल. पोलिसांची जीप आज दुपारीच निघाली. वेळेवर तुझ्या हातात हे पडणार नाही, मला कळतं. तरी लिहिते. तुला न सांगता तुझ्याविरुद्ध काही करायची मला सवय नाही.

अव्वाला अजून सांगितलेलं नाही. ती पलीकडे लसूण सोलत बसली आहे. हे पाकीट बंद केलं की तिच्याजवळ जाऊन बसते.

नीला


राणेबेन्नूर,
८ ऑक्टोबर २०१८

अण्णा,

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांत पहिलंच. आत पत्र नव्हतं, वकिलाने टाइप केलेला कागद होता, आणि तो टपालाने नव्हे, अव्वाच्या हातून आला. म्हणून उत्तर तुलाच देते.

तुला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि मला सहा महिन्यांची, तेव्हा निकाल ऐकताना तू एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाहीस. मी माझे सहा महिने पुरे केले. तू अपील करून जामिनावर घरी आलास. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो तुझा हक्क आहे. फार्मासिस्टच्या यादीतून माझं नाव काढून टाकलं. इथे बियाण्यांच्या कंपनीत मी पाकिटं भरते. एकटीची खोली आहे. शेजारी मला मास्तरीण समजतात, मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

होन्नम्माला काय मिळालं तेही सांगते, कारण तू विचारणार नाहीस. काही नाही. तुझ्याकडून वसूल झालेले जास्तीचे पैसे सरकारजमा झाले. कायदा तसाच आहे म्हणे. निकालाच्या दिवशी तिने न्यायाधीशांना विचारलं, "मग मी जाऊ का?" आणि गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. तिच्या गावाला जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा गेले नाही. तिला माझं तोंड बघायला लावायचा मला काय अधिकार?

तर अव्वा. रविवारी दुपारी आली, एकटी. पायरीवर बसली. मी आत चल म्हटलं, पाणी आणलं. तिने तांब्या बाजूला सारला.

"तुझ्या घरचं पाणी प्यायला आले नाही मी." पिशवीतून कागद काढला, पेनही काढलं. "सही कर."

"काय लिहिलंय ठाऊक आहे का?"

"मला वाचता येतं का? तूच शिकलेली."

मग मी तिला वाचून दाखवलं. पोलिसांच्या दबावाखाली आपण भावाचं नाव घेतलं, भावाचा दुकानाशी काही संबंध नव्हता, भाव आपणच ठरवत होतो. ती मान हलवत ऐकत होती, देवळात पोथी ऐकावी तशी.

"मग? बरोबर तर आहे," ती म्हणाली.

"खोटं आहे, अव्वा."

"असेल खोटं. त्याने तो सुटतो ना?"

मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"ती बाई तुझी लागते कोण?"

"कोणी नाही."

"आणि हा?"

"भाऊ."

"मग एवढं काय जड झालं गं? तू तर भोगून आलीस. जे व्हायचं ते होऊन गेलं. आता नावावर आणखी थोडं घेतलंस तर तुझं काय झिजतं?"

ते तिचं बोलणं मला चुकीचं म्हणता येईना, अण्णा. तिच्या हिशेबात ते बरोबरच होतं. माझ्यापाशी झिजायला आता काही नाही, हे खरंच आहे. माझी सही कोणाच्या चेकवर चालत नाही, कोणाच्या औषधावर चालत नाही. ती एकाच ठिकाणी चालते, तुझ्या कागदावर. आणि मी ती केली, तर त्या दिवशी फ्रीजपाशी कोणी नव्हतंच असं होईल. पेट्याही नव्हत्या असं होईल. दुरुगप्पा कॉटवर पडल्या पडल्या म्हणाला होता तेच खरं ठरेल, नाहीत तर नाहीत.

"नाही करणार," मी म्हटलं.

तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पेन शोधायला तिला वेळ लागला, ते तिच्याच मांडीवर होतं.

"मग मला एकच लेकरू आहे असं धरून चालते," ती म्हणाली. ओरडली नाही.

"जेवून जा."

"नको."

ती स्टँडकडे निघाली, मी मागून. पिशवी मागितली, दिली नाही. दावणगेऱ्याची बस लागलेली होती. बसची पायरी उंच होती. तिने दांडा धरून एकदा प्रयत्न केला, गुडघा वर येईना. दुसऱ्यांदाही येईना. मागची माणसं खोळंबली, कंडक्टर म्हणाला, "चला आज्जी, लवकर." तेव्हा तिने न बघता हात मागे केला. मी धरला. तिने तो फार घट्ट धरला, पूर्ण भार टाकला आणि वर चढली. बसायला जागा मिळाल्यावर पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली. बस सुटेपर्यंत मी खाली उभी होते.

तिच्या गुडघ्यांत आता काही उरलेलं नाही. पुन्हा असा कागद पाठवायचा झाला तर टपालाने पाठव. मी सही करणार नाही, पण तिला तेवढी फेरी पडणार नाही.

नीला